अंदाज बांधताना आम्हालाही विचारा

परवा बचत गटाच्या बैठकीत एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, पार्लरचा कोर्स केला, सर्टिफिकेटही मिळालं. पण गिऱ्हाईक कुठाय? आमच्या एका गल्लीत पाच पार्लर झालीत!" मी काय सांगणार? त्याच आठवड्यात मी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी बाई शोधत होते. कामाला तयार बाया भेटल्या, पण कूस कशी बदलायची हे एकीलाही ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं. शेवटी सासूबाईंच्या पाठीला जखम झालीच.

मग मनात आलं, कुणाला काय शिकवायचं हे ठरवतं तरी कोण? सरकार उद्योगांना विचारतं, पुढच्या काही वर्षांत किती माणसं लागतील? त्यात वाढीचा दर धरला की झाला अंदाज. साठच्या दशकात असेच हिशेब मांडून इंजिनीअरिंगच्या जागा वाढवल्या; मंदी आली आणि इंजिनीअरच बेकार झाले. २००९च्या धोरणाने २०२२पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. २०१५च्या धोरणात २४ क्षेत्रांची जादा गरज भरली सुमारे ११ कोटी! एक उद्दिष्ट, दुसरा अंदाज, हे मान्य. पण दोन्हींत केवढी तफावत! त्यात २०२०मध्ये कोरोना आला, तो कुणाच्या हिशेबात होता?

यंत्रं कधी बदलतील हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणसाचं वय तर सांगता येतं ना? २०३६मध्ये जे साठीत असतील ते आज आपल्यातच आहेत. सरकारच्याच तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार तेव्हा देशात सुमारे २२.७ कोटी ज्येष्ठ असतील. त्यांचं कोण करणार?

उत्तर ठरलेलं, घरातली बाई! २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोज २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. बिनपगारी कामाची मागणी कुठला कारखानदार कळवणार? म्हणून ती तक्त्यात दिसतच नाही. रुग्णसेवेचे अभ्यासक्रम सरकारी यादीत आहेत हो, पण आमच्या वस्तीपर्यंत पोचतात ते शिवणक्लास आणि पार्लरच.

म्हणून वाटतं, जिल्ह्याचा आराखडा करताना कारखानदारांबरोबर आशाताईंना, बचत गटांना, ग्रामसभेलाही विचारा. कुणाच्या घरात कोण अंथरुणाला आहे हे आशाताईंना तोंडपाठ असतं. आणि हे काम शिकणारीला 'कामवाली' म्हणून नव्हे, तर कुशल कामगार म्हणून पगार द्या. नाहीतर शिकून काय उपयोग?

सासूबाईंची जखम भरायला दोन महिने लागले. दवाखान्यातल्या सिस्टरने मला कूस बदलायला शिकवलं, अवघ्या अर्ध्या तासात. मैत्रिणींनो, तो अर्धा तास कुठल्याच आराखड्यात नव्हता. पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डसभेत आपणच उठून तो मागू या का?