आरव्ही घ्या, पण एका अटीवर



सुट्टी जवळ आली की कुणी ना कुणी विचारतंच, "आम्ही पहिल्यांदाच आरव्ही भाड्याने घ्यायचं म्हणतोय. घ्यावी का? मुलांना जमेल का? आईबाबा इंडियातून आलेत, त्यांना झेपेल का?" दर वेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

माझं उत्तर: जरूर घ्या, पण एका अटीवर. घरातल्या प्रत्येकाला, अगदी आठ वर्षांच्या मुलालासुद्धा, रोजचं एक ठरलेलं काम असलं पाहिजे. तेवढं जमणार नसेल तर सरळ कार आणि हॉटेल घ्या. त्यात आराम जास्त आहे आणि बहुतेक वेळा पैसेही कमी लागतात.

आधी पैशांचं बोलू, कारण "हॉटेल आणि बाहेरचं खाणं वाचतं" या हिशोबावरच बरेच जण आरव्ही घेतात. रोजचं भाडं दिसतं तेवढंच नसतं. त्यावर मैलांचा दर, जनरेटरचे तास, भांडी आणि अंथरुणांचे वेगळे पैसे, विमा, आणि दर रात्रीचं कॅम्पग्राउंड. शिवाय ही गाडी एका गॅलनला साधारण ८ ते १० मैल जाते. आमची फेरी लास व्हेगास, झायन, पेज, ग्रँड कॅन्यन आणि परत, अशी साधारण ८०० मैलांची होती. म्हणजे ८० ते १०० गॅलन पेट्रोल. बुकिंग करण्याआधी हे सगळं कागदावर मांडून बघा. पैसे वाचवायला आरव्ही घेऊ नका, निराश व्हाल.

आता अट का घालतेय ते सांगते.

आम्ही स्प्रिंग ब्रेकमध्ये न्यू जर्सीहून विमानाने व्हेगासला गेलो आणि तिथून २५ फुटी गाडी घेतली. आम्ही दोघं, १३ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. ड्रायव्हिंग नवऱ्याकडे. मुलं टेबलामागच्या सीटवर पट्टे लावून टॅबलेटमध्ये. (चालत्या गाडीत मुलांना मागे फिरता येत नाही बरं का, आणि कार सीट लागणारं मूल असेल तर समोर तोंड असलेली बेल्टची सीट आहे ना, ते बुकिंगच्या वेळीच विचारा.) खाण्यापिण्याची जबाबदारी? ती कुणी कुणाला दिलीच नव्हती. न सांगता माझ्याकडे आली, नेहमीसारखी.

पहिल्या संध्याकाळी झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये पोहोचलो. बाहेर लाल कडे उतरत्या उन्हात पेटल्यासारखे दिसत होते, सगळे खुर्च्या टाकून बसले होते आणि मी आत पिठल्याची फोडणी करत होते. आरव्हीत शेगडी आणि स्मोक अलार्म यांच्यात चार हातांचंही अंतर नसतं. मोहरी तडतडली आणि अलार्म जो कोकलायला लागला, शेजारच्या तंबूतली माणसं उठून बघायला आली! आम्ही सगळे खूप हसलो. पण दुसऱ्या दिवशीही सकाळी पोहे, दुपारी पराठे, संध्याकाळी भात-आमटी, आणि मधे भांडी. एवढ्या लांब येऊन मी माझंच स्वयंपाकघर निम्म्या आकारात करून सोबत आणलं होतं. त्या रात्री सासूबाई सहज म्हणाल्या, "अगं, आपण दोन दिवस फिरतोय म्हणे. मला तर तू बाहेर दिसलीच नाहीस."

ते वाक्य मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या जागी जमिनीतून हळदीचं पिवळं पाणी वर आलं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे नीट समजून घ्या. आरव्हीत तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक ग्रे म्हणजे बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची आणि एक ब्लॅक म्हणजे संडासाची. ग्रे टाकी भरली की पाणी सगळ्यात खालच्या भोकातून, म्हणजे शॉवरमधून वर येतं. वॉचमनला वीज मिळते, पण जागेवर पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी नाही. त्यामुळे भांडी आवरा, कपाटं बंद करा, वायर काढा आणि अख्खं घर घेऊन डंप स्टेशनवर जा.

तिथे आम्ही दोघं नळी हातात धरून एकमेकांकडे बघत राहिलो. माहितीपुस्तक वाचलं कुणी, तर मुलाने. "बाबा, आधी ब्लॅक, मग ग्रे. म्हणजे ग्रेच्या पाण्याने नळी धुऊन निघते." हातमोजे घालून, बापाच्या शेजारी उभं राहून त्याने ते काम केलं. "ईईई" केलं, नाक दाबलं, पण केलं. आणि परत येताना स्वारी जाम खूश! घरी साधा कचरा बाहेर नेताना तीनदा सांगावं लागतं तोच हा मुलगा.

त्या दुपारी झाडाखाली बसून आम्ही कामं वाटली. टाक्या आणि नळ्या मुलाकडे, बाबाच्या देखरेखीखाली. मुलीकडे दाराजवळचं पॅनेल: सकाळ-संध्याकाळ बटण दाबून कुठली टाकी किती भरली आणि बॅटरी किती आहे ते वहीत लिहायचं. शिवाय निघण्याआधीची यादी मोठ्याने वाचायची: पायरी आत, खिडक्या बंद, फ्रीजची कडी, वायर काढली. रात्रीचं जेवण नवरा आणि मुलगा, एक दिवसाआड. भांडी ज्याने रांधलं नाही त्याची. सासूबाई म्हणाल्या, "मग पाण्याचं मी बघते."

आणि त्यांनी खरंच बघितलं. आमच्या टाकीत ४० गॅलन, म्हणजे साधारण १५० लिटर पाणी मावायचं. साध्या शॉवरने मिनिटाला २ गॅलन धरले तर वीस मिनिटांत खडखडाट. पाच माणसांत वीस मिनिटं! हा हिशोब आम्ही मुलांना घरी शंभरदा सांगितला असता तरी शिरला नसता. आजीने दुकानातून एक बादली आणि प्लास्टिकचा मग घ्यायला लावला आणि अर्ध्या बादलीत केसांसकट आंघोळ कशी होते ते नातीला शिकवलं. सकाळी तासभर पाणी येणाऱ्या गावात चार मुलं वाढवलेली बाई ती. अमेरिकेत आल्यापासून डिशवॉशरला हात लावायलाही कचरत होती. त्या गाडीत मात्र सगळ्यांत जाणकार तीच ठरली.

तुमच्यातले काही म्हणतील, "मुलांची सुट्टी आहे, त्यांना कामाला का जुंपायचं?" मी म्हणेन, इथल्या घरात पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, हे मुलांना दिसतच नाही. आरव्हीत दोन दिवसांत दिसतं. पण ते काम आईबाबांनीच उरकलं तर तिथेही दिसणार नाही.

काही म्हणतील, "नवरा दिवसभर एवढी मोठी गाडी चालवतो, तो दमतो." दमतोच. वाऱ्यात ती गाडी सांभाळणं सोपं नाही. पण ड्रायव्हिंग चार वाजता संपतं. स्वयंपाकघर संपत नाही.

ग्रँड कॅन्यनला आम्ही मेथर कॅम्पग्राउंडमध्ये राहिलो. तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही (हवी असेल तर शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये बघा). उंची ७,००० फूट, एप्रिलमध्येही रात्री कडाक्याची थंडी. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि रात्री जनरेटर लावता येत नाही. झोपण्याआधी मुलीने फर्मान काढलं, "बॅटरी दोन तृतीयांश. सगळे दिवे बंद. बाबा, तुझा फोनपण." रात्रभर हीटर चालला. आणि त्या संध्याकाळी, बापलेकांनी थोडी करपवलेली खिचडी खाऊन, सूर्यास्ताला आम्ही पाचही जण दरीच्या काठावर होतो. मीसुद्धा.

भांडणं झाली नाहीत असं नाही. मुलाने दोनदा "दिस इज नॉट अ व्हेकेशन" ऐकवलं. एकदा भांडी रात्रभर तशीच राहिली. चालतं.

अजून दोन गोष्टी. एक, मैल कमी करा. आम्ही सहा रात्रींत चार ठिकाणं ठरवली होती, ब्राइस रद्द केलं आणि बरं झालं. नकाशावरचे तीन तास आरव्हीत चार धरा. रोज मुक्काम हलवला तर कामं वाटायलासुद्धा वेळ उरत नाही.

दोन, गाडीची उंची आणि रुंदी कागदावर लिहून समोर चिकटवा. झायनच्या पूर्वेकडच्या रस्त्यावर १९३० साली खुला झालेला १.१ मैलांचा बोगदा आहे. मोठ्या गाड्यांना तो सरसकट खुला नाही, पण फोनवरचा नकाशा बिनधास्त तिकडेच नेतो. आम्ही हरिकेन गावावरून वळसा घेतला. निघण्याआधी पार्कच्या साइटवर सध्याचे नियम बघा.

तर बुकिंगचं बटण दाबण्याआधी सगळ्यांना टेबलाशी बसवा, एक कागद घ्या आणि कामांपुढे नावं लिहा. सगळ्या कामांपुढे एकच नाव येत असेल, तर ते नाव ज्याचं आहे त्या व्यक्तीला आधी विचारा, तिला जायचंय का.

तुमच्याकडे कामं कशी वाटली होती? नक्की लिहा. डंप स्टेशनचे किस्से असतील तर तेही चालतील, फक्त जेवणाच्या वेळी नकोत!