पोरगा प्रेसवर उभा, पण शिकवणार कोण?

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला भूमिपूजनही झाले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक भाषणात रोजगार आणि कौशल्य हे दोन शब्द हमखास ऐकू येतात. बंदराला मच्छीमार बांधवांचा विरोध आहे, तो स्वतंत्र विषय आहे. बंदर व्हायचे तेव्हा होईल. पण तारापूरची औद्योगिक वसाहत तर दोन पिढ्यांपासून आपल्या उशाशी आहे. पाम, टेंभी, कोळवडे, कुंभवली, सालवड, सरावली, पास्थळ या गावांतली पोरे रोज सकाळी डबा घेऊन तिकडे जातात. भातकापणी आटोपली की त्यांची संख्या वाढते. तिथे ती काय काम करतात, आणि ते काम त्यांना कोणी शिकवले, याचा हिशेब गावाने कधी घेतला आहे का?

तारापूरला रसायन, औषध, कापड आणि पोलाद यांचे कारखाने जास्त. पत्र्याचे काम करणारे छोटे शेडही आहेत, आणि वसईच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागात तर गाळ्यागाळ्यांतून ते चालते. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून बोईसरचे पोरगे वसईला कामाला जाणे सोपे झाले. यातले बरेचसे काम म्हणजे पॉवर प्रेस आणि डाय. वॉशर, बिजागरी, गाडीचा कंस, पंख्याचे पाते, आपले घमेले, हे सगळे त्यातूनच निघते.

डाय म्हणजे काय, हे घरातल्या बाईला विचारा, ती चटकन सांगेल. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतात ना, तेच हे काम. वाटी म्हणजे वरचा पंच, पोळी म्हणजे पत्रा. फरक इतकाच की पुऱ्या पाडून उरलेली कणीक पुन्हा मळता येते, उरलेला पत्रा मात्र भंगारात जातो. कारखानदाराचा नफा-तोटा या उरलेल्या पत्र्यात असतो.

साधा हिशेब करू. ५० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या पाडायच्या आहेत. चकतीच्या भोवती दोन मिलिमीटर जागा सोडून ५४ मिलिमीटर रुंद पट्टीत एकाच ओळीत पाडल्या, तर पत्र्याचा ७० टक्के भाग कामी येतो, ३० टक्के भंगार. तेच ९९ मिलिमीटर रुंद पट्टीत दोन ओळी घेतल्या आणि आपण आंब्याची कलमे त्रिकोणी पद्धतीने लावतो तशा चकत्या आडव्या-सरकत्या बसवल्या, तर ७६ टक्के पत्रा वापरला जातो. नवीन प्रेस नको, जादा माणूस नको. फक्त डाय तशी बनवावी लागते. बाहेरचे सल्लागार कारखान्यात येतात ते बहुतेक असल्याच कामासाठी. पत्रा कसा वाचेल, डाय बदलायला दोन तास लागतात ते अर्ध्या तासावर कसे येतील, कडेला धारदार बर का येते, पंच पुन:पुन्हा का तुटतो. पंच आणि डाय यांच्यात पत्र्याच्या जाडीनुसार फट ठेवावी लागते, साध्या पोलादाला एका बाजूने जाडीच्या साधारण पाच ते दहा टक्के. ती चुकली किंवा धार गेली की बर येते. भाताच्या दोन रोपांत किती अंतर ठेवायचे हे आम्ही शेतकऱ्याला सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

छोट्या उद्योगांना असा सल्ला मिळावा म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये नवी लीन योजना आणली. तीत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. योजना चांगली आहे. पण सल्लागाराचे वर्ग बहुतेक ऑफिसात भरतात. मॅनेजर बसतो, सुपरवायझर बसतो, भिंतीवर तक्ते लागतात. प्रेससमोर उभा असलेला ठेकेदाराचा हेल्पर त्या खोलीत क्वचितच असतो. त्याचे शिक्षण शेजारच्या मशीनवरचा माणूस पाच मिनिटांत उरकतो, “पत्रा ठेव, पॅडल दाब, जॉब काढ.”

आणि हात त्याचाच आत जातो.

जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये चावीचा किंवा पिनचा क्लच असतो. एकदा पॅडल दाबले की फेरा पूर्ण झाल्याशिवाय तो प्रेस थांबत नाही, मधेच ओरडून उपयोग नाही. चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर पॅडल न दाबताही दुसरा ठोका पडू शकतो. जॉब काढायला हात घातलेला असतो नेमका तेव्हाच. अलीकडे काही ठिकाणी प्रकाशाच्या किरणाचा पडदा बसवतात, हात आत आला की प्रेस बंद. तो घर्षण क्लचच्या किंवा हायड्रॉलिक प्रेसवर चालतो. पिन-क्लचच्या प्रेसवर तो बसवला तरी ठोका थांबत नाही, हे माहीत नसलेले मालकही आहेत. अशा प्रेसला हात शिरूच नये इतकी अरुंद फट ठेवणारे पक्के जाळीचे गार्ड लागते. जॉब काढायला चिमटा किंवा चुंबक लागतो. बसवलेले गार्ड उत्पादन कमी होते म्हणून काढून ठेवतात, दोन हातांच्या बटणांपैकी एकात लाकडाची पाचर मारतात. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर अहवाल काढते. त्यात हरियाणा आणि महाराष्ट्र दोन्ही येतात, आणि बोटे जाण्याच्या कारणांत पॉवर प्रेस ठळकपणे दिसतो.

बोटाची किंमत कायद्याने ठरवून ठेवली आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरत, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, करंगळी ७ टक्के. पंचवीस वर्षांच्या, महिना १२ हजार मजुरीच्या पोराची तर्जनी गेली तर त्या कायद्याप्रमाणे मजुरीचे ६० टक्के म्हणजे ७,२०० गुणिले वयाचा गुणांक २१६.९१, आणि त्याचे १४ टक्के. रक्कम येते सुमारे २ लाख १८ हजार. एकदाच मिळते. ईएसआयमध्ये नाव असेल तर एकरकमी भरपाईऐवजी जन्मभर मासिक रक्कम मिळते, आणि कामावरच्या अपघाताला तिचे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते. नाव मात्र आधी नोंदलेले पाहिजे. अपघातानंतर कार्ड काढायला धावणारे ठेकेदार काही कमी नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुना कारखाने कायदा आणि भरपाई कायदा त्यांत सामावले गेले, भरपाईची पद्धत सामाजिक सुरक्षा संहितेत तीच पुढे आली. एक गोष्ट कामगाराच्या बाजूची झाली, प्रत्येकाला नेमणूक पत्र देणे बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या वहीत टोपणनावाने लिहिलेल्या पोराला या कागदाचे मोल कळेल. दुसरी बाजूही बघा. विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये वीस कामगार असले तरच आता त्याला कारखाना म्हणायचे. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा दहा होता. पिन-क्लचचे जुने प्रेस सापडतात ते बारा-पंधरा माणसांच्या गाळ्यांत. जिथे लक्ष जास्त हवे तिथे ते कमी होण्याचा धोका आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शिक्षणाचे. भाताला करपा आला तर शेतकऱ्याला कृषी सहायक आहे, पंचायत समिती आहे, कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आहे. सल्ला पटो न पटो, जायला दार आहे. प्रेसवरच्या पोराला असे दार जवळ नाही. या विद्येचे नामांकित सरकारी ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची पदविका तिथे करता येते. पण ते पाम-बोईसरहून किती लांब! आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा आणि शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा ट्रेड असतो. आपल्या जवळच्या कोणत्या आयटीआयमध्ये तो आहे आणि किती जागांचा, याची चौकशी ग्रामसेवकांनी दहावीच्या निकालाआधीच करून फलकावर लावावी. सगळेच इलेक्ट्रिशियनच्या मागे लागतात.

हेल्पर, ऑपरेटर, सेटर, मग टूलरूमचा फिटर आणि डायमेकर, अशी ही शिडी आहे. हेल्परला ठेकेदार कधीही बदलतो. डाय बसवणारा सेटर सहजी मिळत नाही म्हणून मालक त्याला सांभाळून ठेवतो. आपली पोरे पहिल्या पायरीवर म्हातारी होतात आणि सेटर बाहेरून येतो. मग आपण स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या म्हणून मोर्चा काढतो. मागणी रास्त आहे, पण ती हेल्परच्या जागांनीही भरून निघते, हे विसरू नये.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यात ठेक्यावरची माणसेही मोजतात. विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देते. ग्रामपंचायतीने वसाहतीतल्या कारखान्यांना पत्र लिहून किती उमेदवार घेतले, त्यात आमच्या गावचे किती, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. आमच्याकडे गावपुढाऱ्यांची पत्रे जातात ती बहुधा भंगाराच्या ठेक्यासाठी. त्या भंगारातले सहा टक्के पोराने डाय नीट लावली तर निघालेच नसते, ही गंमत वेगळीच.

मोठ्या कंपन्यांकडे सामाजिक जबाबदारीचा दोन टक्के निधी असतो. आपण त्यातून सभामंडप, वह्या, रुग्णवाहिका मागतो. व्यवसाय शिक्षणही त्या यादीत बसते. अट एवढीच की लाभ केवळ त्या कंपनीच्या कामगारांपुरता नको. पाम-टेंभी परिसरातल्या दोन-तीन पंचायतींनी मिळून ग्रामसभेत ठराव केला, एक जुना प्रेस, दोन डाय, एक निवृत्त सेटर आणि संध्याकाळचा तीन महिन्यांचा वर्ग मागितला, तर नाही म्हणायला कंपनीला अवघड जाईल. वर्गाची सुरुवात प्रेस चालवण्यापासून करू नये. मोटर बंद करून फ्लायव्हील हाताने फिरवायचे, वरच्या आणि खालच्या भागात आधाराचा ठोकळा ठेवूनच डायला हात लावायचा, हे आधी.

तोपर्यंत पोरगा नव्या शेडमध्ये लागला की बापाने एकदा गेटपर्यंत जाऊन यावे. नेमणूक पत्र मिळाले का, ईएसआयचा नंबर काय, आणि प्रेस पॅडलचा आहे की दोन बटणांचा, हे विचारावे. पॅडलचा असेल तर जाळी लावलेली आहे का, तेही.