लोखंडाचा सूरह आणि निळी गोळी

कुरआनात एका सूरहचं नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड. लोहाचा अणुक्रमांक २६, त्याचा जन्म ताऱ्यांच्या पोटात, हे सगळं आपल्या किताबात आधीच आहे, असे संदेश आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर दर जुम्म्याला फिरतात. पाठवणाऱ्या भाईंना एकच विचारायचं आहे: तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन किती?

मी शाळेत उर्दू-मराठी शिकवतो. आठवड्यातून एकदा वर्गात लोहाची निळी गोळी वाटतो. तास संपला की काही गोळ्या खिडकीखाली सापडतात. विचारलं तर उत्तर येतं, “सर, अम्मी म्हणते यानं पुढे मूल होत नाही.”

काय असतं त्या गोळीत? ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. हेच दोन घटक गरोदर बाईला लाल गोळीतून रोज देतात, तेही निदान सहा महिने. मूल होऊ नये म्हणून बनवलेली गोळी पोटात मूल असलेल्या बाईला कोण देईल? एवढा साधा सवाल आपण अफवेला विचारत नाही.

दुसरा आक्षेप: सरकारी गोळी हलकी, बाजारातली भारी. इथे थोडं रसायनशास्त्र लागतं. गोळीत नुसतं लोखंड नसतं, त्याचं संयुग असतं. फेरस फ्युमरेटच्या वजनात सुमारे ३३ टक्के लोह, सुकवलेल्या फेरस सल्फेटात त्याच्या जवळपास, तर फेरस ग्लुकोनेटात फक्त १२ टक्के. म्हणून पाकिटावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका; त्यात प्रत्यक्ष लोह किती, तो आकडा शोधा. फेरस लोह सरकारी की महागडं, हे आतडं विचारत नाही.

हे फेरस लोह पाण्यात विरघळतं आणि शोषलं जातं. ओलसर हवा लागली की त्याचं फेरिक होतं, म्हणजे गंजाची वाट. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं. उलट लिंबातलं क जीवनसत्त्व फेरिकला परत फेरस करतं. आणि आपण? जेवणावर लगेच कडक चहा!

गोळीनं मळमळ होते, शौचाला काळं होतं, हे खरं. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा, विषाचा नव्हे. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. पण हे मुलींना सांगितलं कोणी? गोळ्या वाटून रजिस्टर भरणारी यंत्रणाही दोषी आहे, आणि त्यात मीही आलो. कित्येक वर्षं मी नुसत्या सह्या केल्या.

‘खजूर खा, खून वाढेल’ हाही आवडता इलाज. १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम. लोह भरपूर असतं कलेजीत, पण दस्तरख्वानावर ती आधी कुणाच्या ताटात पडते, हे प्रत्येकानं आपल्या घरात पाहावं.

हा प्रश्न एका मोहल्ल्याचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पण म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही.

तेव्हा पुढच्या जुम्म्याला तो संदेश पाठवण्याआधी मुलीची तपासणी करून आणा. गोळी आणि लिंबूपाणी तिच्या हातात द्या. लोखंडाच्या सूरहचा अभिमान बाळगणाऱ्या घरात पोरगी लोहाअभावी धापा टाकत जिना चढत असेल, तर तो अभिमान कशाच्या जोरावर?