यंत्राची दोरी आणि शेतकऱ्याचा हात

जे साधन ऐन वेळी कामास येत नाही, ते असून नसल्यासारखेच होय. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार या तालुक्यांत काय, किंवा घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या तालुक्यांत काय, पाठीवरचा इंजिनाचा फवारणी पंप, तण कापण्याचे यंत्र, छोटे कोळपणी यंत्र आणि नाल्यावरून पाणी उचलणारा लहान पंप ही साधने आता शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली आहेत. यांपैकी बहुतेक यंत्रे दोरी ओढून सुरू करावी लागतात. ती हात-दीड हात लांबीची नव्हे, तर मीटरभर दोरी तुटली, की हजारो रुपये किमतीचे यंत्र बांधावर मुके होऊन बसते.

हा प्रसंग निवांत दिवसांत क्वचितच येतो. आठ दिवसांच्या झडीनंतर उघाड पडते, काळ्या जमिनीत बैलांचे पाय रुततात, ट्रॅक्टर आत शिरू शकत नाही, आणि पाठीवरच्या पंपावाचून दुसरा उपाय उरत नाही. अशा वेळी यंत्रावर ताण पडतो व दोरी तुटते. सोयाबीनचे पीक पेरणीपासून पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस तणविरहित राहणे आवश्यक असते. हरभऱ्यावर घाटेअळी पडली, तर दोन-चार दिवसांचा विलंबही महाग पडतो. यास्तव तुटलेल्या दोरीची किंमत दुकानातील दोरीच्या भावाने मोजून चालत नाही. ती गेलेल्या उघाडीने व बसून राहिलेल्या मजुराच्या रोजाने मोजावी लागते.

असे असता बहुसंख्य शेतकरी दोरी तुटताच यंत्र मोटारसायकलीवर बांधून तालुक्याचे गाव गाठतात. तेथे कित्येकदा दोरीऐवजी स्टार्टरचा संपूर्ण संचच बदलला जातो. ज्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरी अंबाडीचा वाक काढून चऱ्हाट, दावे व कासरा वळण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याने मीटरभर दोरीसाठी परक्याचे तोंड पाहावे, ही गोष्ट शोभणारी नाही. बैलाचा कासरा विरला तर तो कुणी शहरात पाठवीत नसे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, व तो विचारात घेण्याजोगा आहे. स्टार्टरमध्ये गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग असते. अजाण हाताने ती उसळली, तर डोळा जाण्याचा संभव असतो. म्हणून हे काम कारागिरानेच करावे, असे काही जाणकार म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. दोरी व स्प्रिंग या दोन निराळ्या वस्तू आहेत. दोरी बदलणे हे शेतकऱ्याचे काम. स्प्रिंग बसविणे हे कारागिराचे. ही सीमारेषा एकदा स्पष्ट शिकविली, म्हणजे धोकाही टळतो आणि खोळंबाही.

कामाची रीत अवघड नाही. प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे, इंधनाची तोटी बंद करावी व स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. स्टार्टरचे झाकण तीन-चार स्क्रूंनी बसविलेले असते. ते काढून स्वच्छ कापडावर ठेवावे. दोरी तुटली असेल तर चकरी उलट फिरून स्प्रिंग सैल झालेली असते. दोरी न तुटता केवळ विरली असेल, तर मात्र स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक असतो. अशा वेळी चकरी अंगठ्याने घट्ट धरून मुठीकडची गाठ सोडावी व चकरी हळूहळू सैल होऊ द्यावी. नंतर जुने तुकडे काढून, ते जोडून लांबी मोजावी व जाडी पाहावी. नवी दोरी तेवढीच लांब व तेवढीच जाड असावी. जाड दोरी चकरीच्या खाचेत मावत नाही. बारीक दोरी चकरीच्या कडेला घसरून अडकते.

दोरी विणीव नायलॉनची घ्यावी. बाजारातील स्वस्त प्लॅस्टिक दोरी पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती सुमारे १६५ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. नायलॉन मात्र प्रकारानुसार २२० ते २६५ अंशांपर्यंत टिकते. घर्षणाच्या जागी हा फरक महत्त्वाचा ठरतो. सुताची दोरी किंवा सुतळी हा फार तर त्या वेळेपुरता उपाय होय. नायलॉनचे टोक आगपेटीच्या काडीने किंचित वितळवून घ्यावे, म्हणजे पीळ सुटत नाही. मात्र हे काम पेट्रोलपासून दूर जाऊन करावे.

आता चकरी दोरी ओढली जाण्याच्या दिशेने, स्प्रिंग पूर्ण ताणली जाईपर्यंत फिरवावी. मग अर्धा ते एक फेरा मागे सोडून चकरीचे भोक झाकणाच्या भोकासमोर आणावे. बाहेरून दोरी ओवून आतल्या टोकास पक्की गाठ मारावी, बाहेरच्या टोकास मूठ बांधावी व चकरी हळूहळू सोडावी. दोरी आपोआप गुंडाळली जाते. दोरी पूर्ण ओढल्यावरही चकरी आणखी अर्धा फेरा फिरली पाहिजे. ती फिरत नसेल, तर स्प्रिंगवर फाजील ताण आहे व ती लवकरच तुटेल असे समजावे. मूठ लोंबत राहिली, तर ताण कमी आहे. काही यंत्रांत गाठ बसविण्यासाठी चकरीच उचलावी लागते; तेथे हात आवरून यंत्र कारागिराकडे न्यावे.

दोरी वारंवार तुटत असेल, तर दोष बहुधा दोरीचा नसतो. मूठ हळूच ओढून अडथळा जाणवला, की मगच जोराने खेचावी. शेवटपर्यंत खेचू नये व हातातून झटकन सोडूही नये. दोरी तिरपी ओढल्यास भोकाच्या कडेवर घासते. इंजिन दहा-दहा वेळा ओढूनही सुरू होत नसेल, तर प्लग व कार्ब्युरेटर तपासावा. दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. इंजिन उलट फिरल्यास मनगटास इजा होते.

फवारणी पंपाच्या बाबतीत एक दक्षता सर्वांत महत्त्वाची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने सुमारे वीस माणसे दगावली. त्या दुःखद घटनेचा बोध हाच, की औषधाशी येणारा प्रत्येक अनावश्यक संपर्क टाळला पाहिजे. टाकीत औषध असताना, औषधाने माखलेल्या हातांनी, शेतातच स्टार्टर उघडणे अत्यंत अनुचित होय. यंत्र पाठीवरून उतरवून औषध सुरक्षितपणे काढून घ्यावे, यंत्र पुसावे, हात साबणाने धुवावेत, आणि मगच दुरुस्तीस बसावे.

केंद्र शासनाने २०१४-१५ साली कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान सुरू केले व अनुदानामुळे लहान यंत्रे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु यंत्र देणे हे अर्धे काम झाले. ते चालते ठेवण्याची विद्या देणे हे उरलेले अर्धे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाज विकास योजना सुरू झाली, तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतःच्या हातांनी काम करून दाखवावे हीच अपेक्षा होती. ती आजही तितकीच खरी आहे. शेतीशाळेत कीड ओळखण्याबरोबरच अर्धा तास या दोरीला द्यावा. एक जुना स्टार्टर व काही मीटर नायलॉन दोरी एवढेच साहित्य त्यास लागते. प्रात्यक्षिक पाहून समाधान मानू नये. प्रत्येकाकडून, विशेषतः पंप प्रत्यक्ष वाहणाऱ्या मजुराकडून व बचत गटांतील भगिनींकडून, दोरी एकदा बसवून घ्यावी. विक्रेत्यांनीही यंत्रासोबत योग्य जाडीची एक जादा दोरी देण्याची प्रथा पाडावी.

पोळ्याला बैलाची वेसण व कासरा नवा करण्याची रीत या भागात जुनी आहे. त्यामागे केवळ हौस नव्हती. वर्षाकाठी एकदा तरी प्रत्येक दोरी डोळ्यांखालून जावी, हा शहाणपणाही होता. तोच नेम यंत्रालाही लावावा. अक्षय्य तृतीयेला हंगामापूर्वी आणि पोळ्याला ऐन हंगामात, अशी दोनदा दोरी पूर्ण ओढून पाहावी. जेथे ती विरलेली दिसेल, तेथे तुटण्याची वाट न पाहता बदलावी, आणि जादा दोरीचे वेटोळे पंपाच्या पट्ट्याला बांधून ठेवावे.