डिझेलला फॅन्सी ड्रेस कशाला?

मत आधीच सांगून टाकते, म्हणजे मग हवं तितकं पाल्हाळ लावायला मी मोकळी :-) नेरळ-माथेरान गाडीचं डिझेल इंजिन डिझेल इंजिनासारखंच दिसावं. त्याला वाफेच्या इंजिनाचं सोंग देऊ नये.

विषय जुनाच आहे. २०२३ च्या सुमारास मध्य रेल्वेने या गाडीच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखं रूप दिलं. आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो आले, "वा, जुने दिवस परत आले" वगैरे झालं. मलाही पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भाचा शेजारी बसून फोटो बघत होता. त्याने विचारलं, "मावशी, यात कोळसा कुठून टाकतात?" म्हटलं, "टाकत नाहीत रे. आत डिझेलच आहे." तर म्हणतो, "म्हणजे फॅन्सी ड्रेस!" तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

कोणाचे जुने दिवस, हा माझा प्रश्न आहे.

माथेरानचं आणि आपल्या ठाण्याचं नातं पहिल्यापासूनचं. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना थंड हवेची नवी जागा सापडली. (डोंगरात राहणाऱ्यांना ती आधीपासून माहीत होती, पण त्यांना कोण विचारतो?) पुढची पन्नासेक वर्षं लोक नेरळपर्यंत आगगाडीने यायचे आणि वर तट्टू, पालखी नाहीतर पायी जायचे. मग सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं, १९०४ मध्ये सुरुवात झाली आणि मार्च १९०७ मध्ये गाडी वर पोचली. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे! रूळ दोन फुटी. डोंगराला बोगदे पाडत बसण्यापेक्षा त्याच्या अंगाअंगाने वळसे घेत जायचं ठरलं, म्हणून वीसेक किलोमीटरच्या वाटेत दोनशेवर वळणं आहेत आणि बोगदा फक्त एक.

वाफेची इंजिनं जर्मनीहून आली होती. ही वळणं घेता यावीत म्हणून त्यांच्या चाकांची खास रचना होती. दिसायला देखणी होती, यात वादच नाही. पण वाफ म्हणजे गाडी सुटायच्या कितीतरी आधी भट्टी पेटवा, कोळसा टाका, चढावर पुन्हा पाणी भरा. वाटेतल्या एका स्टेशनाचं नावच वॉटर पाईप आहे ते उगाच नाही. ड्रायव्हर आणि फायरमन उन्हाळ्यात त्या धगीपाशी उभे. आपल्याला खिडकीतून जी शोभा दिसते, ती कोणाच्या तरी अंगावर घामाने निथळत असते.

१९५५-५६ च्या सुमारास आली डिझेल इंजिनं. तीही जर्मनीचीच, युंग कंपनीची. वाफ लगेच गेली नाही, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही होती. पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीचं माथेरान आठवून बघा. ठाणे, डोंबिवली, कल्याणची कारकून-मास्तर मंडळी, वर्षातून एखादी सहल परवडणारी. त्यांतल्या कितीतरी जणांची "झुकझुक गाडी" मुळात झुकझुक करतच नव्हती! ती घरघरत होती, तिला वास येत होता. आमच्या आईला आजही कुठे डिझेलचा वास आला की माथेरान आठवतं. लोकांना मोगऱ्याने गाव आठवतं, आमच्या मातोश्रींना डिझेलने :-)

आणि ती सहल किती सोपी होती! कल्याणहून कर्जतची लोकल धरायची. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी करत नेरळला उतरायचं, आणि त्याच स्टेशनात पलीकडे खेळण्यासारखे डबे उभे. डब्यात पिशव्यांतून दशम्या आणि बटाट्याची भाजी. जुम्मापट्टी गेलं की खालची शेतं लहान व्हायला लागायची. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याला खिडकीतून दिसायचं. दोन तासांवर वेळ लागायचा आणि कोणाची तक्रार नसायची. पाहण्यासारखी जागा वर होती, तशी वाटेतही होती.

आता कोणी म्हणेल, "अगं, पर्यटक येतात ना त्या रूपाला, मग तुझं काय जातं?" मान्य, पर्यटक हवेतच. माथेरानचं पोट त्यांच्यावर आहे. पण दार्जिलिंगला वाफेचं इंजिन बघायला लोक जातात ते इंजिन खरोखर वाफेवर चालतं म्हणून. उलट कालका-शिमला बघा. तिथल्या रोजच्या गाड्या डिझेलवरच चालत होत्या, तरी २००८ मध्ये तिला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलंच. इंजिनाला कोणी विचारलं नाही की बाबा, तुझं धुराडं कुठंय? वारसा असतो तो डोंगरातून काढलेल्या वाटेचा. माथेरानची गाडी युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे ती याच गुणावर.

मुळात या गाडीचा खरा घोर दिसण्याचा नाहीच, धावण्याचा आहे. २६ जुलै २००५ कोण विसरेल? त्या पावसात घाटातली लाईन वाहून गेली, ती पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे घसरले आणि गाडी बंद झाली, पूर्ण मार्ग सुरू झाला तो २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले, ते थेट ऑक्टोबर २०२२ पर्यंत. दरवर्षी पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असतेच, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. ती हवीच, वर मोटारींना बंदी आहे आणि गावाला सामानसुमान लागतं. पण मला भीती वाटते ती अशी, की एखाद्या मोठ्या पावसानंतर कोणीतरी म्हणेल, "शटल आहे की, खालची लाईन कशाला?" आणि आपण सगळे टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जायला इतके सरावलेले असू की आपल्याला ते पटेलसुद्धा.

तसं झालं तर नेरळची गाडी संपली. वरचे दोन-तीन किलोमीटर म्हणजे ती गाडी नव्हे. सपाटीवरून डोंगरावर हळूहळू चढणं हीच ती गाडी.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. कौतुक करायचं असेल तर दरडीला जाळ्या बांधणाऱ्यांचं, मोऱ्या साफ करणाऱ्यांचं, पावसाळा सरल्यावर एकेक वळण तपासत जाणाऱ्या गँगमनचं करूया. इंजिनाच्या अंगावर पाटी लावायचीच असेल तर "१९५५ पासून डिझेल" अशी लावा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? सत्तर वर्षं म्हणजे वाफेनं जेवढी सेवा केली, जवळपास तेवढीच झाली की!

आणि आपण काय करायचं? नुसते फोटो फॉरवर्ड करू नका. यंदा दिवाळीनंतर पूर्ण मार्ग सुरू असेल तेव्हा नेरळलाच गाडीत बसा, टॅक्सीने वर जाऊन शटल पकडू नका. गाडी रिकामी धावली तर तिची बाजू घ्यायला कोणी उरणार नाही. घाटकोपरचे मामा, हे खास तुमच्यासाठी. "वेळ फार लागतो" ही सबब चालणार नाही, वेळ लागतो म्हणूनच जायचं.