बाळ-बाळंतीण सुखरूप?



गेल्या महिन्यात वस्तीतल्या मंडळाच्या बैठकीत विषय खरं तर रेशनचा होता. बोलता बोलता गोष्ट बाळंतपणावर आली. एकीने सांगितलं, कळा सोसवेनात म्हणून ती ओरडली तेव्हा सिस्टर म्हणाली, "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस?" साऱ्याजणी हसल्या. मग दुसरीने मांडीवर बसलेल्या चापटीचं सांगितलं, तिसरीने बधीर न करता घातलेल्या टाक्यांचं, चौथीने न विचारता बसवलेल्या तांबीचं. हसू हळूहळू विरलं. त्यातल्या एकीचं बाळंतपण बावीस वर्षांपूर्वीचं. सिस्टरचे शब्द तिला अजून जसेच्या तसे आठवत होते.

मी गप्प होते. एम. एस. डब्ल्यू. झालेली, हक्कांवर शिबिरं घेणारी मी. माझ्या वेळी एकामागून एक पाच जणांनी मला न विचारता आतून तपासलं, तेव्हा "निदान पडदा तरी ओढा" एवढंही मला म्हणता आलं नव्हतं. मनात एकच भीती होती : हे चिडले तर बाळाचं काय? घरी निरोप गेला, 'बाळ-बाळंतीण सुखरूप.' मीही तेच म्हणत राहिले.

दवाखान्यातच बाळंत व्हा, हे वस्त्यावस्त्यांतून, पाड्यांवरून आपणच सांगत आलो. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. यामुळे जीव वाचतात आणि तो आग्रह आपण सोडणार नाही. पण ज्या दारापर्यंत आपण बाईला पोचवलं, त्या दाराआड तिच्याशी कसं वागतात हे विचारणंही आपलंच काम आहे.

जीव वाचतोय ना, मग मानापमानाचं काय घेऊन बसलात, असं म्हणणारे भेटतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाचा धोका सर्वांत मोठा. जिच्यावर खेकसलं गेलंय ती बाई कपडा भिजला तरी सिस्टरला हाक मारत नाही. पुढच्या खेपेला ती दवाखान्यात उशिरा पोचते. सन्मानाने वागवणं हा उपचाराचाच भाग आहे, तो असा.

सिस्टरही बाईच आहे. रात्रपाळीत एकटीने अनेक खाटा सांभाळायच्या आणि वर डॉक्टरांची बोलणी खायची, हे तिच्याही वाट्याला येतं. तिच्या जोडीला माणसं हवीत, ही मागणीही आपलीच. पण चापटीने खाटा वाढत नाहीत. आणि ही चापट सगळ्यांना सारखी बसत नाही. चौथ्या खेपेची, दलित, आदिवासी, मुसलमान, बिनलग्नाची, तिला ती आधी बसते. खासगी दवाखान्यात शब्द गोड असतात, पण सिझेरियनचा निर्णय तिथेही तिला नीट समजावून घेतला जातोच असं नाही.

कागद आपल्या बाजूने आहे. प्रसूतिगृहातला अपमान आणि मारहाण थांबली पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं. २०१८ मध्ये तिने बाईच्या पसंतीची सोबत असावी, पोट दाबून बाळ ढकलू नये, असंही सांगितलं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात आडोसा, सोबतीण आणि सन्मानाची वागणूक यांचा समावेश आहे.

तेव्हा आपल्या भागातल्या दवाखान्यात चौघीजणींनी मिळून जाऊया. प्रत्येक खाटेला पडदा आहे का? सोबतीणीला आत घेतात का? तांबी बसवण्याआधी, तीही कळा सुरू होण्यापूर्वी, बाईला विचारतात का? रुग्ण कल्याण समितीत हे प्रश्न लेखी मांडूया. आणि बाळंतिणीला भेटायला गेलो की मुलगा की मुलगी, हे विचारून थांबू नका. तिथे तुझ्याशी कसे वागले, तेही विचारा. बैठकीत मी शेवटी माझं सांगितलं. सांगायला मला तीन वर्षं लागली.