अणुसंमीलनाची कसोटी भिंतीपाशी

जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ‘ईस्ट’ यंत्राने प्लाझ्मा १,०६६ सेकंद टिकवून धरला. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या ‘वेस्ट’ने १,३३७ सेकंदांचा पल्ला गाठला. या विक्रमांचे कौतुक योग्यच आहे. मात्र वीजनिर्मितीच्या दृष्टीने तितकाच अवघड प्रश्न निराळा आहे. प्लाझ्मातून बाहेर पडणारी उष्णता ज्या भिंतीवर आदळते, ती भिंत वर्षानुवर्षे टिकवायची कशी?

उष्णतेचा सर्वाधिक मारा ‘डायव्हर्टर’ या भागावर होतो. फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’मध्ये तो प्रति चौरस मीटर १० मेगावॉट गृहीत धरला असून, अल्पकाळ २० मेगावॉटपर्यंत जाऊ शकतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून प्रति चौरस मीटर सुमारे ६३ मेगावॉट ऊर्जा बाहेर पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आव्हानाची कल्पना येते. ‘इटर’ने टंगस्टनचे ठोकळे पाण्याने थंड ठेवण्याचा मार्ग निवडला. तो प्रयोग आहे, त्याला वीज विकायची नाही. वीजकेंद्राला मात्र ही उष्णता चढ्या तापमानाला हवी असते, तरच तिचे विजेत किफायतशीर रूपांतर होते.

म्हणूनच हेलियमचा विचार पुढे येतो. हा निष्क्रिय वायू तप्त धातूंशी वा लिथियमशी अभिक्रिया करत नाही. पाणी अतितप्त पृष्ठभागावर उकळून वाफेचा थर तयार होण्याचा धोका असतो, तोही येथे नाही. अडचण आहे ती विरळपणाची. पुरेशी उष्णता वाहून नेण्यासाठी हेलियम ८० ते १०० वातावरणे इतक्या दाबाखाली वेगाने फिरवावा लागतो. वेग दुप्पट केला तर उष्णतावहन दुपटीहून कमीच वाढते. वायू फिरविण्याचा वीजखर्च मात्र सुमारे सात-आठपट होतो. म्हणजे केंद्राने निर्माण केलेली वीज केंद्रातच खर्ची पडण्याची भीती!

जर्मनीतील कार्ल्सरुह येथील संशोधकांनी यावर मार्ग सुचविला. शिंप्याच्या अंगुस्तान्यासारख्या टंगस्टनमिश्रित टोपीत बारीक छिद्रांतून हेलियमचे झोत सोडायचे. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे अशा नमुन्यांनी १० मेगावॉटचा मारा सोसून दाखविला. तथापि पूर्ण डायव्हर्टरला अशा लाखो टोप्या लागतील आणि प्रत्येक सांधा ही गळतीची संभाव्य जागा ठरेल. त्यात पोलाद तापल्यावर टंगस्टनच्या सुमारे अडीचपट प्रसरण पावते. कमी तापमानाला टंगस्टन ठिसूळ, तर साधारण ५५० अंशांपुढे पोलाद दुबळे. या दोहोंमधील जोडावरच आराखड्याचे यश अवलंबून आहे.

भारत डिसेंबर २००५ मध्ये ‘इटर’मध्ये सामील झाला. त्याचे अजस्र क्रायोस्टॅट हझिऱ्यात घडले. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेने हेलियमने थंड होणाऱ्या भिंतीचा आराखडाही मांडला आहे. २०२४ च्या सुधारित वेळापत्रकानुसार ‘इटर’मध्ये ड्युटेरियम-ट्रिटियम इंधनाचा प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहे. हा अवधी दाब, सांधे आणि पंखे यांच्या रुक्ष कामासाठी वापरला, तर उद्याच्या वीजकेंद्रात भारत केवळ सुट्या भागांचा पुरवठादार राहणार नाही.